डावखुरा जोड

घणमास्तर हे नाव त्याला पोरांनी दिलं, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या खिडकीतला कारकूनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. मास्तरलाही ते आवडायचं. घण हे काही लाजायचं हत्यार नाही.

हातकामाच्या शाळेच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे तो पोरापोरींना वेल्डिंग शिकवायचा. एखादं पोरगं लोखंडाचे दोन तुकडे जोडून आणायचं, जोड घासूनपुसून चकचकीत केलेला, चेहऱ्यावर शाबासकीची भूक. मास्तर जोडाकडे बघायचादेखील नाही. लोखंडी जबड्याच्या वाइसमध्ये तो तुकडा आवळायचा, कोपऱ्यातला घण उचलायचा आणि एक सणसणीत घाव घालायचा. बहुतेक जोड पहिल्याच घावाला मान टाकायचे. आत पोकळी, बुडबुडे, राखेची मळी.

"दिसायला झकास होता हो मास्तर," पोरगं रडकुंडीला यायचं.

"दिसण्यावर पूल उभा राहत नाही. परत घाल."

जो तुटला नाही तो खरा, एवढीच त्याची परीक्षा. आणि खरा जोड कुणाचा हे त्याला विचारावं लागत नसे. जोडावर माणसाचा हात उमटतो, जसा ओल्या सिमेंटवर पाय उमटतो. कुणाचा जोड घाईने पुढे पळतो, कुणाचा घाबरत थांबत जातो. एका पोराचा जोड डावीकडे झुकायचा, आणि शेवटी थेंब थबकून त्याला बारीक शेपूट फुटायची, कारण पोरगं डावखुरं होतं. किडकिडीत, उंच आणि डोक्याने चपटं, म्हणून त्याला सगळे खिळा म्हणत. मास्तरच्या हाताखाली असा हात फार वर्षांनी आला होता. हे मास्तर त्याला कधी बोलला नाही. कौतुकाने लोखंड मऊ पडतं, असं त्याचं मत होतं.

मास्तरचा धाकटा भाऊ गाद्या विकायचा. तीनचाकी टेम्पोवर गाद्यांची चळत, टपावर भोंगा, आणि भोंग्यात स्वतःचाच आवाज भरलेला: पाठ दुखते का, मान आखडते का, या, झोपून बघा, पैसे नंतर. मोठी माणसं झोपून बघायला लाजत. लहान मुलं मात्र टेम्पो थांबला रे थांबला की वर चढून उड्या मारत, आणि भाऊ खाली उभा राहून हसायचा. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल, पण पोरं उतरवायची नाहीत, असा त्याचा व्यापार.

एके दिवशी सकाळी गल्लीतल्या फोनांवर एक व्हिडिओ आला. त्यात त्याचाच चेहरा होता, त्याचाच टेम्पो, आणि तो एका लेकराचं तोंड दाबून त्याला दोन गाद्यांच्या मध्ये कोंबत होता. व्हिडिओ यंत्राने रचलेला होता. असं लेकरू कुठे हरवलंच नव्हतं. पण हे नंतर कळलं. भाऊ दोन गल्ल्या ओलांडून चौकात येईपर्यंत व्हिडिओ त्याच्याआधी तिथे पोचला होता.

आधी टेम्पोची काच फुटली. मग कॉलरला धरून त्याला खाली ओढलं. "अहो, ऐकून तरी घ्या," एवढंच तो म्हणत राहिला, आणि त्याचाच भोंगा वरून ओरडत राहिला, या, झोपून बघा. लाथा बसल्या, दगड बसले, मग गज बसले. लेकरू शोधायला लोकांनी सुऱ्यांनी गाद्या फाडल्या. कापूस साऱ्या चौकात उडाला आणि रक्ताला चिकटला.

मास्तर पोचला तेव्हा मारणं संपलं होतं आणि बघणं चालू होतं. भावाचं डोकं ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. मास्तरने त्याला पायांवरून ओळखलं. शेजारी हातभर लांबीचा एक गज पडला होता, दोन तुकडे जोडून केलेला, टोकाला रक्त आणि कापूस. मास्तरची नजर जोडावर गेली. जोड डावीकडे झुकला होता, आणि त्याला बारीक शेपूट होती.

पोलीस आले. त्यांनी दगड गोळा केले, काठ्या गोळा केल्या, नावं विचारली. हात सगळ्यांचे होते, म्हणून कुणाचाच नव्हता. गज तेवढा त्यांच्या हाती लागला नाही. तो मास्तरच्या सदऱ्याखाली होता.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला तो शिकवायला नव्हे. त्याने घण उचलला आणि सरळ खिळ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पोरगं बाकावर वाकून फोनमध्ये तोच व्हिडिओ पाहत होतं. मान खाली होती, मानेचा मणका कातड्यातून वर आला होता. मास्तरने दोन्ही हातांनी दांडा धरला. जन्मभर त्याचा घाव चुकला नव्हता, आजही चुकणार नव्हता.

पोराने वर न बघताच विचारलं, "मास्तर, पण व्हिडिओ खरा होता ना?"

त्याच्या आवाजात भीती नव्हती. आशा होती. हो म्हणा, एवढीच भीक ते मागत होतं.

मास्तरचा घण वरच राहिला. मग त्याने तो शेजारच्या ऐरणीवर इतक्या जोराने आपटला की शेडमधली सगळी पोरं उठून उभी राहिली. "शनिवारी शेवटचा तास माझा," तो म्हणाला. "फोन घेऊन या. जो येणार नाही त्याने पुन्हा माझ्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही."

गज त्याने हत्यारांच्या पेटीच्या तळाशी ठेवला. घरी भावजय गाद्यांच्या खोळी शिवत राहिली. टेम्पो गेला, गाद्या गेल्या, पण मशीन होतं. मास्तर घरी आला की ती त्याच्यापुढे ताट सरकवायची आणि विचारायची, "दादा, कळलं का काही?"

"नाही," मास्तर म्हणायचा.

हा तास पुढे दोन वर्षं चालला. मास्तरला फोनमधलं फारसं कळत नव्हतं. पण तोडणं कळत होतं. भिंतीवर चुन्याचा चौकोन काढून त्यावर तो पोरांनी आणलेले व्हिडिओ प्रोजेक्टरने पाडायला लावायचा.

"हा खरा की खोटा?"

"खोटा, मास्तर. बोटं बघा, सहा आहेत."

"आणि उद्या पाच काढली तर? तू जोडाची पॉलिश बघतोस, गाढवा. घाव कुठे घालायचा?"

मग घाव कुठे घालायचा ते पोरं सांगू लागली. हा पहिल्यांदा कुणी टाकला. दुसरं कुणी हेच पाहिलंय का. ज्याचं नाव घेतलंय त्याला कुणी विचारलंय का. आणि मला घाई कोण करतंय. या शेवटच्या घावाला बहुतेक खोटं फुटायचं. नोकरीचा फोन असो, बक्षिसाचा असो, नाहीतर एका पोराला रोज गोड बोलून शेवटी त्याचेच उघडे फोटो घरी पाठवायची धमकी देणारी ती देखणी मुलगी असो, घाई सगळ्यांना होती.

"ती मुलगी नव्हतीच मास्तर," ते पोरगं लालबुंद होऊन म्हणालं होतं. "कुणीतरी मिशीवाला असणार."

"मग प्रेमाची चिठ्ठी त्या मिशीवाल्याला लिही. निदान पत्ता तरी कळेल," ठिणगी म्हणाली, आणि वर्ग हसून लोळला. ठिणगी ही वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. डोळ्यांवर काच न ओढता ठिणग्यांकडे बघायची म्हणून मास्तरच्या सगळ्यात जास्त शिव्या तिनेच खाल्ल्या होत्या.

त्याच ठिणगीने एका शनिवारी मास्तरचा आवाज यंत्रात बनवून आणला. फोनमधून घणमास्तर कळवळून सांगत होता, पोरांनो, मला धरलंय, लवकर या. मास्तरला स्वतःच्याच आवाजाने घाम फुटला.

"याला कुठे मारायचं?" त्याने विचारलं.

शेवटी मागच्या बाकावरून खिळा बोलला. "फोन ठेवायचा आणि जाऊन बघायचं. आपल्या डोळ्यांनी, आपल्या पायांनी."

मास्तरने मान हलवली आणि तोंड फिरवलं. या पोराची अक्कल पाहिली की त्याच्या पोटात दोन गोष्टी एकदम उठत. एक शाबासकी, आणि दुसरी घणाच्या दांड्यापर्यंत जाई.

मग तो बुधवार आला. जेवणाची सुट्टी होती. मास्तर आणि ठिणगी शेडमध्ये एक फाटक जोडत होते. खिळा सुट्टीत मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायचा, तो आता यायचाच होता. तो आला, पण मोटारसायकलवर नाही. पळत आला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं होतं, शर्टाची एक बाही गायब होती.

"शटर," तो म्हणाला. "मास्तर, शटर."

मास्तरने काही न विचारता शटर ओढलं. पोरगं वाइसच्या बाकाखाली शिरलं. बाहेर गल्लीच्या टोकाला आवाज उठला होता. तो आवाज मास्तरच्या ओळखीचा होता. चौकात तो ऐकायला त्याला उशीर झाला होता, पण स्वप्नात बऱ्याचदा ऐकला होता.

ठिणगीने फोन पुढे केला. व्हिडिओत खिळा होता, त्याचीच मोटारसायकल, आणि सलूनवाल्याची धाकटी मुलगी त्याच्या काखेत हातपाय झाडत होती. खाली लिहिलं होतं, जिथे दिसेल तिथे ठेचा.

"सलूनवाल्याला मुलीच्या आवाजात फोनसुद्धा आलाय," ठिणगी म्हणाली. "बाबा, मला सोडवा म्हणून."

"मी नाही मास्तर," बाकाखालून आवाज आला. "आईशप्पथ, मी नाही."

दगड शटरवर येऊ लागले. प्रत्येक दगडाबरोबर शेड घंटेसारखी वाजत होती. मास्तर मधोमध उभा राहिला. शटर हातभर वर उचललं की झालं. घणही उचलायला नको होता. चौकातलेच हात येतील, तसेच गज येतील, आणि भावजयीला आज रात्री सांगता येईल, कळलं गं. दोन वर्षं त्याने हाच दिवस मागितला होता, आणि तो चालून दारात आला होता.

बाकाखाली पोरगं दात वाजवत होतं. "ऐकून तरी घ्या म्हणालो मी त्यांना," ते स्वतःशीच पुटपुटलं.

भाऊही चौकात शेवटपर्यंत हेच म्हणत राहिला होता, असं बघणाऱ्यांनी मास्तरला सांगितलं होतं.

"ठिणगे," तो म्हणाला, "सलूनवाल्याची पोरगी दुपारी कुठे असते?"

"आत्याकडे. आत्या फोन उचलत नाहीये."

"फोन करूच नकोस. मागच्या खिडकीतून जा. पोर डोळ्यांनी बघ आणि हाताला धरून इथे आण."

ती गेली. मास्तरने घण उचलला, शटर वाकून शिरण्यापुरतं वर केलं, बाहेर आला, मागे ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली शटरखालून आत सरकवली. आता त्याने मनात आणलं तरी शटर उघडता येणार नव्हतं. ते त्याने मुद्दाम केलं होतं. स्वतःचा त्याला तेवढा भरवसा नव्हता.

पुढे सलूनवाला होता, हातात पाइप, तोंडाला फेस. रोज मास्तरची दाढी हलक्या हाताने करणारा माणूस.

"बाजूला हो मास्तर. माझी पोर आहे त्याच्याकडे."

"आत पोर नाही. थोडं थांब. पोर येतेय."

"आवाज ऐकलाय मी तिचा. तिचा."

"मीही माझा ऐकलाय, यंत्रातून. थांब म्हणतो ना."

"अरे, हा तर त्या गादीवाल्याचा भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. "एकाच माळेचे मणी."

पहिला पाइप मास्तरच्या डाव्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला, सुक्या लाकडासारखा. तो पडला नाही. शटरला पाठ लावून उभा राहिला. एक दगड कानाला लागला आणि त्या बाजूचं जग बंद झालं. एक जण वाकून शटरच्या फटीतून बाटलीतलं पेट्रोल ओतू लागला. मास्तरने उजव्या हाताने घण फिरवला आणि त्याच्या मनगटावर उतरवला. बाटली फुटली, माणूस हात पोटाशी धरून लोळू लागला. घाव चुकला नव्हता.

त्यानंतर त्यांनी त्याला खाली घेतलं. लाथ बरगडीत बसली, मग दुसरी, मग मोजायचं राहिलं नाही. घण कुणीतरी हिसकावला. मास्तरने गुडघे पोटाशी ओढले आणि मोडका हात कुलपाच्या कडीत अडकवून ठेवला. कुणी ओढायला गेलं तर आधी हात उपटावा लागला असता, आणि त्यांनी तेही करून पाहिलं. तोंडात रक्त, रक्तात दाताचा तुकडा. असाच असणार, त्याच्या मनात आलं. चौकात भावालाही असाच मातीचा वास आला असणार. एका गजाचं टोक त्याच्या डोळ्यासमोर वर गेलं, आणि तो त्याच्या जोडाकडे बघू लागला. सवयच ती.

"बाबा."

आवाज बारीक होता, पण हवेतून आला होता. सलूनवाला वळला नाही. त्याच्या कानात अजून फोनमधलाच आवाज होता.

"बाबा, काय करताय?"

ठिणगीने त्या मुलीला गर्दीतून ढकलत पुढे आणलं होतं. झोपेतून उठवलेली, एका गालावर उशीची घडी उमटलेली. सलूनवाल्याने पाइप खाली ठेवला. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दाबून पाहिलं, जणू तेही खोटं निघेल. मग तो रस्त्यातच बसला आणि त्याला ओकारी झाली.

गर्दी कशी जमते ते सगळे सांगतात. ती पांगते ती पाहण्यासारखी असते. कुणाला दूध उतू जाणार असल्याचं आठवलं, कुणाचं दुकान उघडं होतं. ज्याचा हात मोडला होता त्यालाही कुणी उचललं नाही, तो स्वतःच गेला. व्हिडिओ कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठेचायला किती हात आले ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

किल्ली आतून सरकत बाहेर आली. ठिणगीने कुलूप उघडलं. "मास्तर, दवाखाना," ती म्हणाली.

"जाऊ. आधी तास संपू दे." मास्तर आत आला आणि पेटीवर बसला. मग उठला, कारण पेटीच उघडायची होती. "खिळ्या, तळाशी हात घाल. फडक्यात आहे."

पोराने फडकं सोडलं. गज हातात आला आणि त्याचा अंगठा आपोआप जोडावर गेला, त्या बारीक शेपटीवर. तिथेच थांबला. रक्ताखाली त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"कुणाचा?" मास्तरने विचारलं.

पोरगं तोंड उघडू लागलं.

"तोंडाने सांगू नकोस. तोंड काहीही सांगतं. लाव वाइसला."

खिळ्याने गज वाइसमध्ये आवळला. ठिणगीने बाहेरून घण आणून त्याच्यापुढे धरला. त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि घाव घातला. पुन्हा घातला. मग तो घालतच राहिला, रडत, नाक वाहत, सगळी ताकद लावून, हा एकदा तुटू दे म्हणून. गज वाकला. जोड तुटला नाही.

त्याने घण खाली ठेवला. "खरा आहे," तो म्हणाला.

मग तो मास्तरकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मी एकटा नव्हतो, मास्तर."

"नव्हतास. पण हा जोड तुझा आहे."

"मग मघाशी शटर का नाही उघडलंत?"

मास्तरने तोंडातला दाताचा तुकडा हातावर घेतला आणि बघत राहिला. "उघडलं असतं तर हा ओळखायला कोण उरलं असतं?" तो म्हणाला.

पोलीस ठाणं चौकाच्या पलीकडे होतं. खिळ्याने वाकलेला गज वाइसमधून सोडवला आणि तो फडक्यात न गुंडाळता तसाच डाव्या हातात धरून निघाला. मास्तर त्याच्या मागे, मोडका हात ठिणगीच्या ओढणीत बांधलेला. चौकात आल्यावर पोराची पावलं थांबली. मास्तरने त्याला ढकललं नाही, की धीराचा हात लावला नाही. तोही थांबला. जिथे टेम्पो उभा होता तिथे आता कुणाची तरी मोटार उभी होती. थोड्या वेळाने पोरगं आपल्याआपण पुढे चालू लागलं.

मास्तरचं घर वाटेवरच होतं. खिडकीत मशीनचा आवाज चालू होता. भावजयीने मान वर केली. आधी तिला मास्तरचं रक्त दिसलं, मग ओढणीतला हात, मग त्या पोराच्या मुठीतला गज. तिचा पाय मशीनवर थबकला.

"दादा, कळलं का काही?"

"कळलं," मास्तर म्हणाला.

तिने पोराकडे पाहिलं. पोराने खाली पाहिलं नाही. तेवढं त्याला जमलं. तिने दोरा दाताने तोडला, अर्धी खोळ बाजूला ठेवली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली.